काकाजींना थांबणं जमेना

काकाजींना मी धड बसलेलं कधी पाहिलं नाही. पाटावर जेवायला बसले तरी एक गुडघा उभा, नजर दाराकडे आणि चपलेचं तोंड रस्त्याकडे. ते माझे चुलत सासरे. केनवडला आमचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक बाई एका पातळाचा काठ निरखते आहे तोवर काकाजी दुसरं उलगडायचे, आणि ती दुसऱ्याकडे वळली की पहिल्याची घडी घालायचे. "बाई, घरी घेऊन जा, घरी पाहा, पसंत नसन त वापस आना," असं म्हणून मोकळे. दुकान त्यांच्यामुळे चाललं की त्यांच्यावाचून चाललं असतं, याचा निकाल आमच्या घरात कधी लागला नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. वाशीम अजून अकोला जिल्ह्यातच होतं. घरात एक जुनी विलायती मोटार होती, अकोल्याच्या एका डॉक्टरकडून घेतलेली. धनी तशी मोटार. सुरू असली की झकास पळायची, आणि मनात आलं की भररस्त्यात दोन आचके देऊन गप्प. काही वेळानं जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. वाशीमच्या मिस्त्रीपुढे नेली की मात्र पाहुण्यांसमोर नवी सून वागते तशी शहाणी. मी स्वतः नवी सून होते, म्हणून हे ठामपणे सांगते.

गाडी बंद पडली की काकाजी चाकं थांबायच्या आत खाली उतरलेले असायचे. बॉनेट उघडायचं, प्लग काढायचे, पॉइंट घासायचे, कॉइलवर ओलं फडकं टाकायचं, कार्बुरेटरमध्ये फुंकर मारायची. सगळं एका दमात. मग गाडी सुरू व्हायची, आणि शेवटी ज्याला हात लागला असेल तो गुन्हेगार ठरायचा. "सापडला! पॉइंटच होता!" पुढच्या खेपेला, "सापडला! कॉइलच होती!" मिस्त्रीनं एकदा हात जोडले. "काकाजी, एक टाइम एकच चीज बदला, मंग चालवून पाहा. तुमी सगळंच बदलता, चोर कसा गावन?" काकाजी म्हणाले, "एवढा वेळ कोनाले हाय?"

काकू मागच्या सीटवर जपमाळ घेऊन बसायच्या. बॉनेटखाली काय असतं हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नसेल, पण नवऱ्याला मात्र त्या बारकाईनं पाहत. एकदा रिठदहून लग्न आटोपून येताना गाडी बसली. दिवस मावळायला आला होता आणि आमचं घर जैन, जेवण त्याच्या आत व्हायला हवं, म्हणून काकाजींना नाइलाजानं पाना खाली ठेवून आधी डबा सोडावा लागला. जेवण झालं, सवयीनं किल्ली फिरवली, तर गाडी सुरू! काकू म्हणाल्या, "पाह्यलं? तुमी कशालेच हात लावला नाही. तिले जराक टाइम द्या, आपोआप सुरू होते." "बायकाइले काय समजते यातलं," म्हणत काकाजींनी गियर टाकला.

वैशाखात अकोल्याहून निरोप आला. काकूंची आई अंथरुणाला खिळली होती, लेकीचं नाव घेत होती. जऊळक्याला दुपारची रेल्वे गाठायची होती. सोबत म्हणून मी निघाले. मालेगाव मागे पडलं आणि मोटारीनं दोन आचके दिले.

हाताशी अजून वेळ होता. काकू पुढे वाकून म्हणाल्या, "हात नका लावू. तुमच्या पाया पडते, थोडं बसा." पण काकाजी उतरले होते. या वेळी त्यांनी कार्बुरेटरच खोलला. त्यातला जेट म्हणजे पेट्रोल जायचं बारीक छिद्राचा पितळी तुकडा, तो हातातून निसटून रस्त्याकडेच्या मुरमात पडला. आम्ही तिघंही गुडघ्यांवर बसून मुरूम चिवडत होतो. चिवडत असतानाच लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. काकू उठल्या, पदराची धूळ झटकली आणि बाभळीखाली जाऊन बसल्या. जेट मग सापडला. दुसऱ्या दिवशी त्या अकोल्याला पोचल्या तेव्हा आई गेलेली होती.

परत आल्यावर काकाजींनी अंगणात मोटारीची टाकीच उतरवली. उलटी करून हलवली, तारेनं खरवडली, आणि आतून एक मलमलचा तुकडा निघाला. आमच्याच दुकानातला. आमच्या घरात पाणी, दूध, तेल, गाळल्याशिवाय काही आत जात नसे. काकाजी पेट्रोलही गाळायचे. डब्यातून ओतताना टाकीच्या तोंडावर मलमल धरायचे. कुठल्याशा घाईत ते फडकं आत घसरलं आणि त्यांना पत्ता लागला नाही. गाडी पळू लागली की पेट्रोलच्या ओढीनं ते इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायचं. इंजिन थांबलं की ओढ संपायची आणि ते पुन्हा मोकळं तरंगायचं. काकू खरंच सांगत होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी ते पिवळं पडलेलं फडकं पाहिलं आणि आत गेल्या. त्यानंतर नवरा-बायकोत कामापुरतंच बोलणं उरलं.

भाद्रपदात दशलक्षणाचं पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं त्याची त्या दिवशी हात जोडून माफी मागायची. काकाजी एरवी हे काम पोस्टमनसारखं उरकत. उंबऱ्याबाहेरूनच "क्षमा करा" टाकलं की पुढचं घर. त्या वर्षी ते काकूंपुढे हात जोडून उभे राहिले आणि तसेच मागे फिरले. ओसरीवर गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी काकूच उठल्या.

"माय गेली तवापासून मी तुमच्यावर राग धरून राह्यली. त्याची मले क्षमा करा."

"अन् माही क्षमा?" काकाजींनी विचारलं.

"तुमची अजून मनातून होऊन नाही राह्यली. देवाच्या दिवशी खोटं कायले बोलू?"

"हाव," काकाजी म्हणाले. त्या दिवशी ते कोणाच्याच दारी गेले नाहीत.

मला वाटलं होतं, रोज विचारून काकूंना भंडावून सोडतील. पण सारा हिवाळा त्यांनी एकदाही विचारलं नाही. रात्री ओसरीवर त्यांच्या फेऱ्या ऐकू यायच्या, तेवढंच. मला त्या माणसाची फार कीव आली आणि त्याच्याविषयी फार मायाही वाटली. आता दोघंही नाहीत.

त्याच हिवाळ्यात, माघातल्या एका सकाळी काकू हरभरा सोलत होत्या. काकाजी दुकानाला निघाले होते. काकूंनी मान वर न करताच म्हटलं, "तुमची क्षमा झाली बरं का. मनातून."

काकाजी दारातच उभे राहिले. "खरंच?"

"खरंच. खोटं बोलाचं असतं त तवाच बोलली असती."