झाकण लावू नका

परतवाड्यात सकाळपासून धुळीचा वारा होता. नईमाबी आपल्या फॉर्म भरायच्या दुकानात कूलरचं गवत धूत होती, तेव्हाच पुंजाराम लेकीला घेऊन आला. आकांक्षाच्या नर्सिंगच्या अर्जाची मुदत दुपारी बारापर्यंत होती. ब्राउझरमध्ये सगळा अर्ज भरून झाला आणि पाठवायच्या वेळीच नेट गेलं.

नईमाबी उघडा लॅपटॉप भरल्या घागरीसारखा सांभाळत, रेंज मिळेल म्हणून मोबाइलच्या टॉवरकडे निघाली; मागे बापलेक.

"आपा, धूळ जाऊन राहिली ना आत!" पुंजारामनं झाकणाला हात घातला.

"हात काढा भाऊ! झाकण लावलं का हा बंद पडते, अन् हे पान मिटलं तं भरलेलं सारं जाईन. पोरीचं वरीस जाईन!"

टॉवरखाली मोबाइलचं नेट जोडून, बाराला तीन मिनिटं असताना अर्ज गेला, स्क्रीनवर अर्जाचा नंबर आला.

"आता लावू झाकण?" पुंजारामनं भीतभीत विचारलं.

"लावा," म्हणत नईमाबी अर्धं राहिलेलं गवत धुवायला परतली.