मोराच्या पडद्याची जीप

लग्न होऊन मी चांद्याला आले त्याच वर्षी आमच्या ह्यांनी जीप घेतली. हे वकील. कोर्टात बरं चाललं होतं, आणि बरं चाललेल्या माणसाला जे सुचू नये ते ह्यांना सुचलं. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या तेव्हा लिलावात निघत. अशीच कुणीतरी घेतलेली, वापरून वैतागलेली आणि शेवटी गोठ्यात ढकललेली एक जीप ह्यांनी विकत घेतली आणि बैल जुंपून घरी आणली. पुढे बैल, मागे जीप, आणि जीपमध्ये काळा कोट घालून स्टिअरिंग धरलेले आमचे हे. आळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सासूबाई तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी ते बैलांच्या पायांवर घातलं. जीपकडे नुसतं पाहिलं.

"चालत नाई का हे?" त्यांनी विचारलं.

"चालते आई. आता बंद हाये."

बेत असा होता की जीप दुरुस्त करायची, तिच्यात झोपायची-जेवायची सोय करायची, आणि कोर्टाला सुटी लागली की सिंदेवाहीकडच्या जंगलात जाऊन मुक्काम ठोकायचा. ह्यांचे दोन वकील मित्र बरोबर येणार होते. हे सगळं ऐकून सासूबाईंनी विचारलं, "अन् आमी?"

"आई, जंगलात बाया काऊन पायजे?"

सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की घरात काहीतरी शिजत असे, आणि ते चुलीवर नसे.

जीप दुरुस्त करायला एक मिस्त्री येऊ लागला. एरवी तो भात गिरण्यांची इंजिनं बघायचा. हात चांगला होता, पण तोंड त्याहून चांगलं. जीपच्या बॉनेटला एक खोल पोचा होता. मिस्त्रीनं पहिल्या दिवशी मला सांगितलं की ती ब्रह्मदेशात लागलेली जपान्यांची गोळी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराला सांगितलं, हत्तीनं पाय ठेवला होता. तिसऱ्याला सांगताना हत्ती आणि गोळी दोन्ही आले. मिस्त्री स्वतः लढाईच्या काळात बल्लारपूरच्या पलीकडे गेलेला नव्हता, हे सासूबाईंना ठाऊक होतं. पण त्या रोज मन लावून ऐकत आणि वर चहा देत.

आमच्या अंगणात पोती अंथरून इंजिन उघडलं गेलं. माझ्या माहेरच्या पितळी घंगाळात पिस्टन रॉकेल पीत पडले. रेडिएटर इतक्या ठिकाणी गळत होता की त्यात पाणी ओतणं म्हणजे अंगणात सडा घालणं. मिस्त्रीनं डाग देऊन मोठी भोकं बुजवली आणि बारक्यांसाठी सासूबाईंकडे मूठभर हळद मागितली. हळद पाण्यात फुगते आणि भेगांत जाऊन बसते, असं त्याचं म्हणणं. सासूबाईंनी वाटीभर दिली. गळती थांबली, पण इंजिन तापलं की अंगणभर हळदीचा वास सुटे, आणि एकदा पलीकडच्या घरातली बाई विचारायला आली की तुमच्याकडं लग्न कोणाचं आहे.

ब्रेकचं तेल भरायला दोन माणसं लागतात. एक खाली झोपून नळी बघतो, एक वर बसून पायानं दाबतो. मिस्त्री एकटा, म्हणून वर मी बसले. "भाभी, दबाओ... हां, छोडो... अब फिर से." दुपारभर मी दाबत-सोडत बसायची. कुठलं पेडल कशाचं, गिअरचा दांडा कुठं ओढला की काय होतं, हे मी आपसूक शिकले. गाडी मात्र जागची हलत नव्हती. मला ती हलवून बघायची फार इच्छा होती, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

हे सकाळी कोर्टात जात. ते गेले की सासूबाई अंगणात खाट टाकून बसत आणि जीपचा खरा नकाशा ठरे. संध्याकाळी हे परत येत तेव्हा काहीतरी नवं उगवलेलं असे. पहिल्यांदा आली पायरी. लोखंडी, रुंद, लुगडं सावरत चढता येईल अशी.

"ही पायरी कोनं सांगतली?" ह्यांनी विचारलं.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "गाडीनंच मांगतली साहेब. मी काय करू?"

मग गाडीनं धरायला मूठ मागितली. मग मागच्या बाजूला तिखटामिठाच्या डब्यांसाठी झाकणाची पेटी मागितली. मागचं बाकडं उलटलं की नवारीची खाट होते, अशी सोय मागितली. आणि एके दिवशी हे घरी आले तर जीपच्या मागल्या फळीवर, लोखंडी पट्ट्यांनी घट्ट आवळून, आमच्या स्वयंपाकघरातला पाटा बसवलेला.

ह्यांनी दोन्ही हातांनी पाटा हलवून पाहिला, तो हलला नाही. नंतर हलक्या आवाजात म्हणाले, "आई, ही लष्कराची गाडी होये."

"लष्कर चटणी खात नोतं का?" सासूबाई म्हणाल्या.

राहता राहिला तंबू. जीपच्या मागून बाहेर ओढायचा, दोन बांबूंवर उभा करायचा. त्याला जाड कापड हवं होतं. मिस्त्रीच्या ओळखीच्या एका नाटक मंडळीत भांडणं होऊन ती फुटली होती आणि तिचा एक पडदा धूळ खात पडला होता. मिस्त्री तो घेऊन आला. पडद्यावर राजवाडा, कारंजं, आणि कारंज्याच्या कडेला घोड्याएवढा मोर. रंग तेलाचा असल्यामुळे दव आत झिरपणार नाही, म्हणून चित्र बाहेरच्या बाजूला आलं पाहिजे, यावर सासूबाई आणि मिस्त्री यांचं एकमत झालं. ह्यांना कुणी विचारलं नाही.

निघायच्या आधी ह्यांचे दोन्ही मित्र गाडी बघायला आले. एकानं पाटा पाहिला, दुसऱ्यानं मोर पाहिला. पहिल्याला अचानक महत्त्वाची केस आठवली आणि दुसऱ्याला सासरी जायचं आठवलं. जागा रिकामी झाली. मिस्त्रीला नेणं भाग होतं, कारण जीप त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. पाटा नेला तर पाट्याची मालकीण आली. आणि सासूबाई म्हणाल्या, "मी एकली बाई मानसांत कशी जाऊ? सूनबाईले घ्या संग." अशा रीतीनं मी जंगलात निघाले.

दिवाळी होऊन गेली होती. धानाची कापणी उरकत आली होती आणि गावोगावी मंडया भरत होत्या, म्हणजे दिवसा जत्रा आणि रात्रभर नाटक. मूल गाव मागे टाकलं, सिंदेवाही मागे टाकली. जीप चढावर हुंदके देत होती आणि हळदीचा वास सोडत होती. बैलगाडीवाले बाजूला होऊन आधी जीपकडे बघायचे, मग पायरीवर पाय ठेवून बसलेल्या सासूबाईंकडे, आणि मग रामराम करायचे तो सासूबाईंना.

ऊन कलल्यावर एका गावाबाहेर, नाल्याच्या काठी मोहाच्या झाडाखाली आम्ही थांबलो. ह्यांना एकांत हवा होता. ते झाडाला टेकून बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "ऐका, कशी शांतता हाये." मिस्त्रीनं तंबू ओढला, बांबू रोवले. उन्हात राजवाडा झळकला. मोराचा गळा तर असा चमकला की नाल्यापलीकडून गुरं वळणारा एक माणूस गुरं टाकून गावाकडे पळाला.

सासूबाईंनी चटणी वाटायला घेतली, तेवढ्यात पहिली माणसं आली. पोतं अंथरून समोर बसली. मग बायका आल्या, चटया घेऊन. मग शेकोटीची लाकडं आली. सगळे नुसते बसून आमच्याकडे बघत होते, आणि आम्ही त्यांच्याकडे. दिवेलागणीला गावचे पाटील आले. त्यांच्यासाठी पुढे जागा ठेवलेली होती. बसून, पान तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "कवा सुरू होते जी?"

"काय?" हे म्हणाले.

"नाटक."

ह्यांनी उभं राहून समजावून सांगायला सुरुवात केली. आम्ही नाटकवाले नाही. मी चांद्याचा वकील आहे. ही माझी आई, ही माझी बायको, हा मिस्त्री. हा तंबू आहे. आम्ही इथं हवा खायला आलो आहोत. लोकांनी शांतपणे ऐकलं. सगळं बोलून झाल्यावर मागून एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "वकिलाचं काम चांगलं करते हा."

टाळ्या पडल्या.

हे घामाघूम होऊन तंबूमागं आले. "आई, हे लोक जाऊन नाई राह्यले."

"कसे जातील? मानसं चटया घेऊन आले. काईतरी दाखव त्याईले."

"मले काय येते?"

"वकिली येते ना? तेच कर." सासूबाई पदर खोचून उठल्या, जीपच्या पायरीवर पाय ठेवून बॉनेटवर जाऊन बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मी न्यायाधीश. आना आरोपीले."

मिस्त्री जणू जन्मभर याचीच वाट बघत होता. मान खाली घालून, हात बांधल्यासारखे पुढे धरून तो मोरासमोर येऊन उभा राहिला. लोक सरसावून बसले. ह्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, कोट अंगावर चढवला आणि पुढे आले.

सुरुवातीला आवाज बसल्यासारखा निघाला. पण एकदा 'आरोपीनं माझ्या अशिलाच्या चांगल्या लष्करी गाडीची विटंबना केली' हे वाक्य तोंडातून गेलं, आणि मग कित्येक आठवडे गिळलेलं सगळं बाहेर पडलं. पायरी, मूठ, पेटी, खाट, पाटा. हे हातवारे करत होते, मिशी थरथरत होती. मी त्यांना कोर्टात कधी पाहिलं नव्हतं. इतके छान बोलतात हे मला माहीत नव्हतं.

"आरोपी, हा पाटा कोनं लावायले सांगतला?"

"गाडीनंच मांगतला हुजूर."

लोक हसून एकमेकांच्या अंगावर पडले. हे न्यायाधीशांकडे वळले. "हा साफ खोटं बोलते. मले खरी गुन्हेगार मालूम हाये. ते या कोर्टातच बसून हाये."

"कुठी?" न्यायाधीशांनी इकडेतिकडे बघत विचारलं.

मग मिस्त्रीनं आपल्या बाजूनं ब्रह्मदेश काढला, हत्ती काढला, गोळी काढली. पाटलांनी उठून बॉनेटचा पोचा बोटानं तपासला आणि हत्तीचाच आहे अशी साक्ष दिली. खेळ रंगात आला असताना पुढे बसलेली एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली. तिनं माझ्याकडे बोट केलं. मी आपली पेट्रोलच्या डब्यावर बसून होते.

"मघापासून पाहून राह्यली मी," ती म्हणाली. "हे बुढी बोलते, हे मानूस बोलते, तो मिशीवाला बोलते. त्या पोरीले कोनी काईच इचारत नाई. तिले काऊन आनलं मंग?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. सासूबाईंनी गळा साफ केला. "साक्षीदारानं पुढं यावं. बाई, गाडीबद्दल तुले काय म्हनाचं हाये?"

मी उठले. पदर नीट केला. समोर मोठा जमाव, मागे मोर. काय बोलणार होते कोण जाणे, पण तोंडातून निघालं ते असं: "मले चालवाची हाये."

मिस्त्री पहिला हसला. ह्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, ते शेकोटीच्या पलीकडे होते.

"तुले येते का पन?" न्यायाधीशांनी विचारलं.

"थांबलेली येते."

सासूबाईंनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. आरोपी निर्दोष. वकिलानं उद्या सकाळी बायकोला गाडी शिकवावी. न शिकवल्यास त्याला चटणी मिळणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरून आणलेले मुरमुरे, चिवडा, कुणी गूळ, कुणी भाजलेल्या शेंगा आमच्यापुढे ठेवल्या. पाटलांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या मंडईला नक्की यायचं आमंत्रण दिलं. ते परतले तरी दूरपर्यंत हसण्याचे आवाज ऐकू येत होते.

आम्ही दोघं आवराआवर करत होतो तेव्हा हे म्हणाले, "खरंच चालवाची हाये तुले?"

"हो."

"मंग मले घरी काऊन नाई सांगतलं?"

"घरी कोनी इचारलं नाई," मी म्हणाले. बांबूची गाठ सोडताना ते हसत होते.

सकाळी उठून बघतो तर अर्धं गाव नाल्यावर हजर. निकालाची अंमलबजावणी बघायला. गावाबाहेर खळ्याशेजारी पडीत जमिनीचा मोठा तुकडा होता. हे शेजारी बसले, मिस्त्री आणि सासूबाई मागे. मी स्टिअरिंगमागे बसले तेव्हा पायांना तिन्ही पेडल ओळखीची वाटली. पहिल्यांदा गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती निघाली, आणि निघाल्यावर जमीन अशी पायाखालून सरकू लागली की मला दुसरं काही सुचेना. हे म्हणाले, "आता वळव." मी वळवली. "छान. अजून वळव." मी अजून वळवली. मग ते ब्रेक म्हणाले असावेत. मला वाटलं त्यांना अजून वेग हवा आहे.

खळ्यावर धानाच्या तणसाचा, म्हणजे वाळल्या पेंढ्याचा, डोंगर रचलेला होता. जीप त्यात शिरली ती विंडस्क्रीनपर्यंत. काही मोडलं नाही. नुसता मऊ, कोरडा अंधार, तणसाचा गोड वास, आणि मागून सासूबाईंचा आवाज, "पोहचलो का?"

बाहेर गाव हसत होतं. आम्हाला ओढून काढायला जेवढे हात लागत होते त्याहून कितीतरी जास्त आले. ह्यांच्या कोटाच्या खिशांतून, कानांतून, मिशीतून काड्या निघत होत्या. त्यांनी एक काडी काढून पाहिली आणि म्हणाले, "वळवते चांगली. थांबवनं राह्यलं."

थांबवणं त्याच मुक्कामात जमलं. चांद्याला परतताना मूलच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर मीच गाडी चालवली.

पुढे जीप आमच्याकडे बरीच वर्षं होती. मिस्त्रीच्या कृपेनं ती मागत राहिली आणि तिला मिळत राहिलं. उन्हाळ्यात ह्यांचे पाय दुखायचे, म्हणून मी त्यांना कोर्टात सोडायला जाऊ लागले. बायको गाडी चालवते आहे आणि आपण बाजूला बसलोय, हे मित्रांना दिसू नये म्हणून ते कोर्टाच्या फाटकाच्या थोडं आधी उतरतो म्हणायचे. मी गाडी फाटकापर्यंत न्यायची. वळायला जागा तिथंच होती.