खडूची फुली

सेतुराव काका सकाळी उठले की आधी लॅपटॉपचं बटण दाबायचे आणि मग आंघोळीला जायचे. आंघोळ, संध्या, कॉफी उरकेपर्यंत तो उघडायचा. "हा माझ्याहून म्हातारा, अम्मा," मला म्हणायचे.

चेन्नईत एग्मोरला त्यांच्याकडे मी सात वर्षं स्वयंपाक केला. मी सांगलीकडची, चौथी शिकलेली. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. काका तंजावरकडचे मराठी, पिढ्यानपिढ्या इथलेच. पण घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. बायको गेलेली, मुलगी परदेशात, नातवंडं फोनवर आजोबांना तमिळीत "हाय ताता" म्हणून पळायची. म्हणून काका घरातली जुनी बोली लॅपटॉपमध्ये उतरवत होते. आईच्या पदार्थांची नावं, तिच्या शिव्या, निजवायची गाणी. हात थरथरायचा, पेन धरवायचं नाही. एका बोटानं एकेक अक्षर दाबायचे.

मी आमटी म्हटलं की बाहेरून हाक यायची. "थांबा! आमटी नव्हे, सांबारं. आमची आई सांबारं म्हणे." मी लाजून गप्प झाले की म्हणायचे, "बोला की अम्मा. ह्या घरात मराठीला आता तुमचंच तोंड."

शेवटी लॅपटॉप फारच रखडायला लागला. काकांनी नवी, वेगवान डिस्क आणली. जुनी काढून दोन्ही एकसारख्या काळ्या डब्यांत बसवल्या आणि जुनीवर खडूनं फुली मारली. दोन खाचांचा एक स्टँडही आणला होता. "डावीकडची उजवीत उतरते. म्हणून जुनी डावीकडे. उलटं लावलं तर सगळी कोरी पाटी!" एवढं सांगून हसले. पण लगेच केलं नाही. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. "पूजेत ठेवू. विजयादशमीला नवं काम धरावं."

पूजेची मांडामांड माझ्याकडे. विळी, कात्री, पेचकस, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं, चंदन-कुंकू लावलं. त्या दोन डब्याही पुसल्या. फुली गेली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

विजयादशमीला काकांनी कुंकू लावलेल्या डब्या उचलल्या. फुली दिसेना. पूजेत जुनी डावीकडे होती, असं धरून त्यांनी ती स्टँडच्या डाव्या खाचेत बसवली. हात जोडून बटण दाबलं. दुपारपर्यंत दोन्ही कोऱ्या होत्या. दुकानदारानं तपासून मान हलवली.

"काका, त्या डब्या मी..." मी सुरुवात केली.

"परवाइल्लै, अम्मा. असू दे. तुम्ही काय करणार? हात माझे." आपल्या थरथरत्या हातांकडे ते बघत राहिले. मी पुढे बोललेच नाही. मला तेव्हा बोलता यायला हवं होतं.

दुकानदारानं नवी डिस्क चालू करून दिली. लॅपटॉप दहा मोजायच्या आत उघडू लागला. काकांनी तो एकदा उघडला, कोरा पडदा पाहिला आणि मिटला. पुन्हा लिहू या, मी म्हटलं, तर म्हणाले, "आता आठवत नाही. आठवलं तरी वाचणार कोण?"

दसऱ्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, मार्गळी महिन्यात ते झोपेतच गेले. तोवर मी रोज ओट्यापाशी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "काका, आमटी झाली!" आणि कान देऊन उभी राहायची.

"वाढा," एवढंच म्हणायचे.