घरावरून तीनदा गेलेला ड्रोन

नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्यातले बहुतेक आता आठवायचे म्हटले तरी आठवत नाहीत. हा एक मात्र विसरता येत नाही. याच तपासासाठी मला बक्षीस मिळालं होतं, आणि याच तपासात मी असं काही केलं, जे आजवर कुठल्याही कागदावर आलेलं नाही.

मी तेव्हा नंदुरबार तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रनाळ्याच्या पुढे एका गावात भर दुपारचं लग्न होतं. नवरीचे वडील वारलेले, लग्न काकानं लावून दिलं. मांडव शाळेच्या मैदानात होता आणि काकाच्या घराला समोरून कुलूप होतं. मंगलाष्टका आटोपून बायका घरी आल्या, तर कपाटातले दागिने गेलेले. मागच्या दाराची कडी उघडी होती. पोलीस पाटलाचा फोन आला आणि आम्ही निघालो.

आम्ही पोहोचलो तेव्हा लोकांनी एका माणसाला निंबाखाली बसवून ठेवलं होतं. वय तिशीच्या आसपास, शर्टाची दोन बटणं तुटलेली. तो लग्नाचं शूटिंग करणारा, मूळचा धडगावच्या डोंगरातला पावरा आदिवासी. तळोद्यात त्याचं फोटोचं दुकान होतं. मांडीवर ड्रोनची पेटी दोन्ही हातांनी धरून बसला होता.

काकाचा जावई पुढे झाला. डोक्याला मानाचा भगवा फेटा, बोलण्यात अदब.

"साहेब, चोर दूर नही. या डरोनवालाले इचारा. मांडो शाळाजोडे, आनि हाऊ घरवर तीन डाव फिरना. हाई कसानी शूटिंग?"

मागून कोणीतरी म्हणालं, "घार बी कोंबडीवर दोनच डाव फिरस." लोक हसले. मीही हसलो.

त्या वेळी आमच्या भागात ड्रोनची भीती पसरली होती. वरून घरं हेरतात आणि मग चोरी करतात, असं जो तो सांगत होता. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात आणखी एक विचार आला. डोंगरातल्या माणसाकडे एवढं नवं, महागाचं यंत्र आलं कुठून? हा प्रश्न मला शहरातल्या फोटोग्राफरबद्दल कधी पडला नसता.

जागेवरच जप्ती पंचनामा केला. घडी घालून तळहातावर मावेल एवढा ड्रोन, रिमोट, तीन बॅटऱ्या, जादा पाती, कडक उन्हात कॅमेऱ्यावर बसवायच्या काळ्या काचांची डबी, ड्रोन उतरवताना खाली अंथरायचं नारिंगी कापड. लिहिणारे हवालदार अडले.

"साहेब, याला काय लिहू? खेळण्यातलं विमान?"

"ड्रोन लिहा. आणि सील करा."

तो माणूस हळूच म्हणाला, "दादा, बॅटऱ्या उन्हात नका ठेवू. फुगतात."

ठाण्यात विचारपूस सुरू केली. इथे माझी पहिली चूक झाली, आणि ती आमच्याकडे सर्रास होते. फिर्यादी वजनदार घरचा असला की त्याला खोलीतच खुर्ची देतात. काका आणि जावई माझ्या शेजारी खुर्चीवर चहा घेत होते. तो भिंतीशी उकिडवा बसला होता.

"घरावर तीन वेळा का गेलास?"

तो गप्प.

"कोणासाठी घर बघत होतास?"

"साहेब, ड्रोनमधलं कार्ड बघा. तुम्ही एकट्यानं बघा."

"कार्ड सीलमध्ये आहे. ते कोर्ट बघेल. तू तोंडानं बोल."

त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या खुर्च्यांकडे पाहिलं. नजर चोरतोय, असा अर्थ मी लावला. उठलो आणि त्याच्या उजव्या कानाखाली पूर्ण ताकदीनं मारली. तो ओरडला नाही, फक्त हाताचा तळवा कानावर दाबून बसला. जावयानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आते बोलई."

तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई एकट्याच ठाण्यात आल्या. फिकट लुगडं, कपाळ मोकळं. नवरीची आई.

"त्यानी काय बी करं नही, साहेब. तो मन्हा फोटू काढाले उना व्हता."

मला कळेना. त्यांना बसायला सांगितलं, तरी त्या उभ्याच राहिल्या.

"मी इधवा बाई. मांडोमा कशी जाऊ? बाहेरना जिनावरथून गच्चीवर जाईसन उभी ऱ्हायनू. मन्ही पोरनी त्याले गुपचूप सांगं व्हतं, मन्ही माय पिच्चरमा येवाले पाह्यजे. कोनले सांगू नको म्हने. दीरले समजतं तर त्यासनी ते काढी टाकतात."

मी पंच बोलावले, सील तोडलं, कार्ड संगणकाला लावलं. पहिल्या फेरीत गच्चीच्या कठड्याला धरून त्या उभ्या होत्या, तोंड शाळेकडे, जिकडून मंगलाष्टकांचा आवाज येत असेल तिकडे. दुसऱ्या फेरीत त्यांनी पदरातून मूठ काढली आणि मांडवाच्या दिशेनं अक्षता टाकल्या. त्या खालच्या पत्र्यावरच पडल्या असतील. तिसऱ्या फेरीत ड्रोन थोडा उंच गेला, त्यामुळे घराचं मागचं अंगण चित्रात आलं. मागच्या दारातून एक माणूस कापडी पिशवी घेऊन बाहेर पडत होता. डोक्याला भगवा फेटा. आवाज ऐकून त्यानं वर पाहिलं आणि चेहरा स्पष्ट आला.

जावयानं ड्रोन पाहिला होता. म्हणूनच कोणी कार्ड बघायच्या आत ड्रोनवाल्याला चोर ठरवणं त्याला भाग होतं. ते काम मी केलं.

जावई अर्ध्या तासात कबूल झाला. दागिने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात निघाले. काका डोकं धरून बसले. चोरीपेक्षा चोर कोण निघाला याचं त्यांना जास्त लागलं असावं.

त्याच दुपारी ड्रोनवाल्याला सरकारी दवाखान्यात नेलं. कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? तो काही बोलायच्या आत मी म्हणालो, "गावात गर्दीनं मारलं." डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. कागदावर तेच लिहिलं गेलं.

पुढे आवक रजिस्टर चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. लग्नात ड्रोन उडवणार असल्याचा अर्ज त्यानं आदल्या दिवशी आमच्याच ठाण्यात दिला होता, त्यावर आमचा शिक्काही होता. घर फोडणारा माणूस आधी ठाण्यात अर्ज देत नाही. एवढं समजायला पोलीस असण्याचीही गरज नव्हती.

तांत्रिक साधनांच्या आधारे उत्कृष्ट तपास केल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी हसतमुखानं घेतलं. नंतर काही वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोक कारण विचारतात, तेव्हा मी तब्येतीचं सांगतो.

या गुन्ह्यानं मला एक साधी गोष्ट शिकवली. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवत असतो, हे खरं. पण तो स्वतःचंच पाप लपवत असेल असं नाही. कधी कोणाचा शब्द राखत असतो. आणि तो बोलत नसेल, तर आधी खोलीत खुर्चीवर कोण बसलंय ते बघावं.

गेल्या उन्हाळ्यात मी तळोद्याला त्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर नवा ड्रोन उघडून पाती बदलत होता. त्यानं मला ओळखलं, उजवीकडची रिकामी खुर्ची दिली आणि माझ्याकडे तोंड करून बसला.

"त्या बाईंचं पुढे काय झालं?"

"फिल्ममधून काकानं त्यांना काढायला लावलं. मी नवरीला त्यांचं वेगळं करून दिलं."

"आणि तुझं काम?"

"चालतं. आधी आवाजावरून समजायचं ड्रोन कुठे आहे. आता वर बघत राहावं लागतं."

त्यानं पुन्हा मान खाली घालून स्क्रू फिरवायला घेतला. जे वाक्य मी घरून मनात जुळवून आणलं होतं, ते मी तेव्हा हळू आवाजात बोललो. दवाखान्यातल्या खोट्यासकट सगळं बोललो. त्याचे हात चालूच राहिले. मी थांबलो. पातं बसवून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"काही म्हणालात का, साहेब? त्या बाजूचं ऐकू येत नाही."

मी उठलो, खुर्ची उचलून त्याच्या डाव्या बाजूला नेली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.