नव्या कर्नलमधला जुना आकडा

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. वसई पूर्वेच्या एका डिझाइन ऑफिसात मी नोकरीत कायम व्हायची वाट बघत होते. कारखान्यांच्या शेडचे लोखंडी सांगाडे किती वजन पेलतील, याचं गणित आमचा युनिक्सवाला कॉम्प्युटर करायचा. रविवारी मी त्याचा कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा, बदलला. सोमवारी वीस मिनिटांचं गणित दोन तास रखडलं.

साहेबांनी मला काही विचारलंच नाही. रविवारी आमच्या ऑपरेटरने मशीनची धूळ काढली होती, तेवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. हा ऑपरेटर म्हणजे नंदाखालहून सायकलने येणारे पन्नाशीचे गृहस्थ. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. "उद्या संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही तर त्याला घरी बसवतो," साहेब म्हणाले. मी नुसती मान हलवली. आजही आठवलं की लाज वाटते.

अंकल माझ्या टेबलाशी आले. "बाय, माज्या हातून काय बिगडलं नाय ना? फडका मी सुकाच घेतलेला."

"बघते, अंकल," एवढंच मी म्हणाले.

मंगळवारी सकाळी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. थोडी थोडी मेमरी मागायची आणि ती मिळायला किती वेळ लागला ते छापायचं, एवढंच त्याचं काम. सुरुवातीला पटापट मिळाली. मग एका ठिकाणी गाडी अडली आणि डिस्क खडखडायला लागली. मेमरी संपली होती आणि मशीन सामान डिस्कवर हलवून जागा करत बसलं होतं. फडक्याचा काही संबंध नव्हता. मग मेमरी खाल्ली कोणी?

शंका मला सकाळपासूनच होती, बघायची हिंमत नव्हती. दुपारी एकदाचं नवं मॅन्युअल उघडलं. डिस्कसाठी मेमरीत राखून ठेवायचे बफर, म्हणजे जागेचे कप्पे, नव्या कर्नलमध्ये चौपट मोठे झाले होते. मी अतिशहाणी! फळ्यावरचं उतरवून घ्यावं तसा किती बफर ठेवायचे तो जुन्या वहीतला आकडा जसाच्या तसा उतरवला होता. निम्मी मेमरी तिथेच गेली होती.

आकडा पाव केला, कर्नल पुन्हा तयार केला, मशीन चालू केलं. गणित एकोणीस मिनिटांत सुटलं.

"एक सेटिंग चुकलं होतं, सर," मी साहेबांना सांगितलं. कोणाकडून, ते त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

"ठीक आहे, राहू दे त्याला. पण मशीन पुसायला नको सांगूस."

दुसऱ्या दिवशी अंकलनी घरची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली गोड केळी, आणली, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. "माजी चूक तू निस्तरलीस, बाय. नायतर या वयात मला कोन ठेवनार होतं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेबांच्या केबिनचं दार वाजलं, आणि मी घाईघाईने सुकेळीचा तुकडा तोंडात कोंबला.