वकीलसाहेबांचा मोबाईल नंबर

"थांबा जी, आकडे येऊन राहिले!" असं म्हणून वकीलसाहेब पंजा वर करायचे आणि समोरचा माणूस वाक्याच्या मध्येच गप्प व्हायचा. मग त्यांच्या खिशातला मोबाईल वाजायचा. त्यावर आलेले सहा आकडे ते एकेक करून मोठ्यानं वाचायचे, कॉम्प्युटरवर टाकायचे आणि खुर्चीत मागे टेकायचे. कोणाचं तरी जीएसटीचं रिटर्न भरलं गेलेलं असायचं. ज्याचं भरलं तो त्या वेळी आपल्या दुकानात तेल मोजत असायचा, नाहीतर माझ्यासारखा कुठल्या तरी गावात मंडपाच्या बल्ल्या गाडत असायचा.

वकील ते नव्हतेच. पण सरकारी कागद पाहून ज्याला घाम फुटत नाही त्याला आमच्या अड्याळात वकीलसाहेबच म्हणतात. खताच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. जिना इतका अरुंद की जाड्या व्यापाऱ्याला आडवं होऊन चढावं लागे. वर गेलं की युरियाचा वास आणि वकीलसाहेबांची बोलणी, दोन्ही फुकट मिळायचं.

त्यांची बोलणी मी सात वर्षं खाल्ली. माझं मंडप-डेकोरेशनचं काम. पावसाळ्यात एक काम नसतं, म्हणून पहिल्या वर्षी मी त्या चार महिन्यांत त्यांच्याकडे फिरकलोच नाही. दसऱ्याला गेलो तर म्हणाले, "मंडप नाही लागला म्हून काय झालं? शून्याचं बी रिटर्न भरा लागते. तुमी जित्ते आहा, हे सरकारले दर महिन्याले सांगा लागते!"

दुसऱ्यांदा मी जनरेटरच्या डिझेलची वर्षाची बिलं घेऊन गेलो. पंपावरचा तो गुळगुळीत कागद. मी तो पिशवीत जपून ठेवला होता आणि तो पिशवीतच पांढराफट्ट झाला होता. वकीलसाहेबांनी गठ्ठा उलटा केला, सुलटा केला. "हे काय जी, फुटाणे बांधाले आणले का? बिल भेटलं का त्याच दिवशी झेरॉक्स काढत जा. हे शाई उडते." मग म्हणाले, "आन् घरचा पैसा वेगळा, धंद्याचा वेगळा. बायकोनं मिठाले पैसे मांगतले तर बँकेच्या त्या खात्यातून नका देऊ." सही केलेलं कोरं बिलबुक कोणाला देऊ नका, हेही त्यांनीच बजावलं. मी एकदा मेहुण्याला दिलं होतं. त्यानंतर आठवडाभर वकीलसाहेब माझ्याशी बोलले नाहीत.

असा सगळं नीट सांगणारा माणूस एकच गोष्ट सांगत नसे. नोंदणी करताना ते प्रत्येकाच्या फॉर्मवर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकायचे. "तुमी दुकान पाहा, आकडे मी पाहतो." आम्हाला ते बरंच वाटायचं. बल्लीवर चढलेला माणूस फोन कसा उचलणार? तुमच्याही गावात असा एखादा असेलच, ज्याच्या खिशात अख्खा बाजार असतो आणि बाजाराला त्याचं काही वाटत नाही.

खरं कारण नंतर कळलं. सुरुवातीला एका किराणावाल्याचा जीएसटी नंबर त्यांनी त्याच्याच मोबाईलवर काढून दिला होता. चार महिन्यांनी शंभर रुपये कमी घेणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याकडे तो निघून गेला. जाताना पैसे बुडवले ते वेगळेच. तेव्हापासून फॉर्मवर मोबाईल वकीलसाहेबांचा. आमची सोय म्हणून की आम्ही पळू नये म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. माणूस होता, देव नव्हता.

शेवटच्या वर्षी त्यांची बायको खोलीत येऊन बसायला लागली. आकडे तीच वाचायची. आम्हाला त्यात गंमत वाटायची. "या वयात जोडीनं दुकान चालवून राहिले," असं मीच खाली पानठेल्यावर म्हणालो होतो आणि सगळे हसले होते. मी दर महिन्याला बिलं देऊन यायचो. "झालं का जी?" विचारलं की उत्तर यायचं, "होऊन जाईन." आधी ते "झालं" म्हणायचे. हा फरक माझ्या कानावरून गेला, डोक्यात शिरला नाही.

मग एक दिवस एका शाळेचं बिल अडकलं. स्नेहसंमेलनाचा मोठा मंडप होता. शाळेच्या बाबूनं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "तुमचा जीएसटी नंबर रद्द दाखवून राहिला." सहा महिन्यांचं रिटर्नच भरलेलं नव्हतं. नोटीस आली होती, सात दिवसांत उत्तर मागितलं होतं, उत्तर गेलं नाही म्हणून रद्द. आणि नोटीस आली कुठे? वकीलसाहेबांच्या मोबाईलवर. नंबर नाही तर शाळा नाही, पंचायत नाही, मेळावा नाही. माझ्या घरी चूल त्या नंबरावर पेटत होती.

त्या दिवशी बाजार होता. वकीलसाहेब बायकोबरोबर वांगी घेत होते. मी तिथेच गाठलं. जे तोंडात आलं ते बोललो. लुच्चा म्हणालो. फीचे पैसे खाल्ले म्हणालो. माणसं गोळा झाली, तसा मला आणखी चेव आला. वकीलसाहेब ऐकत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या केळीच्या गाडीकडे होती.

"इकडे पाहा! माह्याकडे पाहून बोला!" मी ओरडलो. त्यांनी मान थोडी वळवली. तरी नजर माझ्या तोंडावर आली नाही.

"चोराची नजर अशीच राहते," मी लोकांना म्हणालो.

"चूक माहीच हाय," ते म्हणाले. "तुमचं काम होऊन जाईन."

त्यांची बायको काही बोलायला गेली, पण त्यांनी तिचा हात दाबला. मग दोघं हात धरून निघून गेले. वांगी तिथेच राहिली.

तेरा दिवसांनी मी भंडाऱ्याच्या जीएसटी कार्यालयात गेलो. रद्द झालेला नंबर परत मिळायला मुदत असते, तेवढी धुगधुगी होती. तिथल्या बाबूनं फाईल काढली आणि म्हणाला, "तुमचे ते परवा येऊन गेले. लिहून दिलंय त्यांनी."

"कोण?"

"तेच, रिटर्न भरणारे. बाई हात धरून जिना चढवत होत्या. सही कुठे करायची तेही त्यांनीच बोट धरून दाखवलं. दिसत नाही ना त्यांना."

मी म्हणालो, "कोणाले दिसत नाही?"

बाबूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. "किती वर्षं काम करता त्यांच्यासोबत?"

सात, असं मी सांगितलं.

फाईलमधला कागद मी वाचला. बाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून लिहवून घेतलेला असावा, अक्षर वळणदार होतं. त्यात वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, साखरेनं माझे डोळे गेले. ऑपरेशन झालं की सर्वांचं काम पूर्ण करीन या आशेवर कोणाला सांगितलं नाही. माझी पत्नी फक्त इंग्रजी आकडे वाचते, ते मीच तिला शिकवले. ज्या मेसेजमध्ये सुटे सहा आकडे असतील तोच कामाचा, बाकीचे कंपनीच्या जाहिराती असतात, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. नोटीस इंग्रजी अक्षरात आली. तिनं ती जाहिरात समजून सोडून दिली. व्यापाऱ्याचा यात दोष नाही. खाली सही होती. ओळीवरून सुरू झालेली आणि पार मार्जिनमध्ये घसरलेली.

थकलेलं सगळं भरलं, दंड भरला आणि नंबर परत मिळाला. फॉर्मवर माझा मोबाईल टाकला. गावी येऊन मी त्या जिन्याखाली दोनदा जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा खतवाल्यानं सांगितलं, "खोली खाली केली जी त्यायनं. सिहोऱ्याले पोरीकडे गेले." बाजारात लोक अजून लुच्चा म्हणत होते. तो शब्द मीच पेरला होता. मी कोणाला अडवलं नाही. अडवलं असतं तर मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.

सिहोऱ्याला मी गेलो, पण खास गेलो म्हटलं तर खोटं होईल. तिकडे एका लग्नाच्या मंडपाची बोलणी होती. काम उरकलं आणि घर विचारत गेलो. धान कापून झालं होतं, घरामागे भाऱ्यांचे पुंजणे रचलेले होते. वकीलसाहेब अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. फार वाळले होते.

"कोण हाय जी?"

एसटीत मी सगळं जुळवून ठेवलं होतं. पाय धरीन, माफी मागीन. तोंडातून निघालं ते असं, "कोंढा गावचा हाओ मी. जीएसटीचा नंबर काढाचा हाय. कोणी तरी तुमचं नाव सांगतलं."

त्यांनी कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "बसा. पहिले तर मोबाईल नंबर सोताचा द्या. दुसऱ्याचा कोणाचा नाही. माह्यासारख्याचा तर बिलकुलच नाही." आणि पुढे सुरू झाले. बिलाची झेरॉक्स, खातं वेगळं, शून्याचंही रिटर्न. एकेक गोष्ट मला सांगितली, जशी सात वर्षांपूर्वी सांगितली होती. मी हो जी, हो जी करत राहिलो.

"अड्याळचा एक मंडपवाला होता," ते मध्येच म्हणाले. "त्याचं काम अडकलं होतं. झालं का, काही मालूम हाय का तुमाले?"

"झालं," मी म्हणालो.

"नंबर भेटला?"

"भेटला."

"बरं झालं," ते म्हणाले. "लेकरंबाळं हायेत त्याले."

तेवढ्यात त्यांची बायको घरातून बाहेर आली. मला पाहून थबकली. तिच्या तोंडात माझं नाव आलंच होतं. पण वकीलसाहेब घाईनं बोलले, "कोंढ्याचे पाहुणे हायेत. चहा ठेव त्यायच्यासाठी."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग आत गेली. मी तो चहा प्यायलो. कोंढ्याचा माणूस म्हणूनच प्यायलो, कप खाली ठेवला आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. नाव सांगायला तेव्हाही वेळ होता. फाटकापर्यंत होता.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. निरोप अड्याळच्या बाजारात आला, तेव्हा कोणी तरी म्हणालं, "त्यायनं तुमाले लय बुडवलं होतं नं जी?" मी तिथे उभा होतो, आणि मी हो म्हणून मान हलवली.