बुडवलेली डिस्क आणि ट्रम्पेटवाल्याचा दात

माझी वहिनी एखाद्या दुकानात शिरली की तिथले लोक एकमेकांना डोळ्यांनी खुणावतात, "आली समजा." हे टोपणनाव तिने स्वतःच ओढवून घेतलंय. तिचं दर दुसरं वाक्य तिथूनच सुरू होतं. समजा, आज इथे आग लागली. समजा, चोर आला आणि नेमका कॉम्प्युटरच उचलून गेला. समजा, तुमच्याच माणसाने रागाच्या भरात सगळं पुसून टाकलं. सकाळी शटर अजून अर्धंच वर गेलेलं असताना हे असलं कुणाला ऐकायला आवडेल? मी तिची नणंद, त्यामुळे टोमणे मारायचा हक्क माझा, आणि तो मी मनापासून बजावते. पण तो एक दिवस आठवला की टोमणा मारवत नाही.

वहिनी छोट्या धंद्यांचे सर्व्हर सांभाळते. बेकरी, छापखाना, जनावरांचा दवाखाना, गाडी शिकवणारी शाळा, असे सगळे. यांच्यापैकी कुणालाच कॉम्प्युटरचा माणूस पगारावर ठेवणं जमत नाही, म्हणून सगळ्यांत मिळून ही एक. सर्व्हर म्हटलं की लोकांना थंडगार खोली आणि लुकलुकणारे दिवे आठवतात. बेकरीतला सर्व्हर पिठाच्या पोत्यांमागे होता आणि आतून इतका पांढरा झाला होता की वहिनीने तो आधी ब्रशने झाडला, मग चालू केला.

तिची काम करायची एक तऱ्हा आहे. बॅकअप आहे, या वाक्यावर ती काडीचा विश्वास ठेवत नाही. ती मालकाला समोर बसवते, त्यालाच त्याची एक फाईल निवडायला लावते, ती त्याच्या डोळ्यांदेखत उडवते आणि शांतपणे म्हणते, आता परत आणा. अर्थात तिने स्वतःजवळ एक प्रत ठेवलेली असते, पण ते ती सांगत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या कासवाची फाईल निवडली होती. ती परत येईपर्यंत ते दवाखान्यात असे येरझाऱ्या घालत होते की बाहेर बसलेल्यांना वाटलं कासवच पळालं.

ही खोड तिला लागली ती लग्नाआधी. एका हिशेबनिसाकडे ती टायपिंग करायची. तिथला कॉम्प्युटर बसला, बॅकअपची डिस्क कपाटातून काढली, तर ती कोरी. दर आठवड्याला कुणीतरी इमानेइतबारे कोरी डिस्क कपाटात ठेवत होतं. तेव्हापासून वहिनीला 'आहे' हा शब्द चालत नाही, तिला 'परत आली' हेच ऐकायचं असतं.

सगळ्या गिऱ्हाइकांत वाईट गिऱ्हाईक म्हणजे घरचं, म्हणजे आम्हीच. आमची दातांची लॅब आहे. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून कॅप, कवळ्या बनवून देतो. हल्ली निम्मी मापं स्कॅन होऊन कॉम्प्युटरवरच येतात. दादा मालक, मी काउंटर आणि फोन सांभाळते, आणि खरी कारागिरी काकांची. काका आमच्या नात्यातले नाहीत, बाबांच्या वेळेपासूनचे आहेत, एवढं पुरे. काकांचा एक नियम दादालाही मोडता येत नाही. बाहेरून लॅबमध्ये आलेली वस्तू आधी जंतुनाशकात बुडवायची. कुणाच्या तोंडातून काय आलंय, कुणी बघितलंय? म्हणून काउंटरवर जाळीचा ट्रे असतो. आलेली मापं त्यात पडतात आणि ट्रे भरला की काका तो उचलून सरळ टबात सोडतात.

वहिनीने आमच्यासाठी दोन डिस्क लावल्या होत्या. एक सर्व्हरला कायम जोडलेली, रोज रात्री आपोआप नक्कल घेणारी. दुसरी दादाच्या घरी राहणारी, समजा इमारतच गेली तर. ही दुसरी आठवड्यातून एकदा लॅबमध्ये यायची, नक्कल घेऊन पुन्हा घरी जायची. तिला अशीच आणखी एक जोडीदार हवी, म्हणजे एक आली तरी एक घरी राहील, असं वहिनी कधीपासून दादाला सांगत होती. दादा म्हणायचा, बघू. बायकोने सांगितलेलं 'बघू'च्या पुढे सरकत नाही, हे सगळीकडे सारखंच असावं.

त्या दिवशी आम्ही उघडलं तेव्हा ट्रम्पेटवाला पायरीवरच बसला होता, तोंडावर रुमाल धरून. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात तो मागच्या रांगेत ट्रम्पेट वाजवायचा. पहिल्या ट्रम्पेटची जागा, म्हणजे पहिली खुर्ची, अनेक वर्षांनी रिकामी झाली होती आणि त्याच दिवशी दुपारी तिची परीक्षा होती. पडद्यामागे बसून वाजवायचं, ऐकणाऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त सूर ऐकू येतो. आणि हा शहाणा सकाळी सरावाला जाताना घाईघाईत काचेच्या दारावर आपटला. समोरचा दात अर्धा तुटला. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी उरलेला बुंधा तासून कॅपसाठी तयार केला, त्याचं माप घेतलं आणि ट्रम्पेटवाल्याला खाली आमच्याकडे धाडलं.

साधा दात असता तर काकांनी तो डोळे मिटून केला असता. पण ट्रम्पेट ओठावर बसतं आणि ओठ दातावर. दात केसभर जाड झाला तरी ओठ चुकतो आणि सूर फाटतो. त्याला त्याचा जुनाच दात हवा होता, जसाच्या तसा. आणि तो आमच्याकडे होता. काही वर्षांपूर्वी, सगळे दात शाबूत असताना, तो स्वतःहून येऊन तोंड स्कॅन करून गेला होता. असू द्या तुमच्याकडे, म्हणाला होता. आम्ही तेव्हा हसलो होतो. आता दादा ऐटीत खुर्चीवर बसला, म्हणाला दोन मिनिटांत काढतो, आणि त्याने फाईल उघडली.

उघडली नाही. दुसरीही नाही. मग पडदा काळा झाला आणि त्यावर लाल अक्षरं आली, तुमच्या सगळ्या फाईली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, सोडवायच्या असतील तर पैसे भरा. आदल्या संध्याकाळी दादाने पोर्सेलिनचं बिल समजून एक मेल उघडला होता, हे मागाहून कळलं. त्या क्षणी मात्र त्याचा चेहरा आमच्या प्लास्टरच्या साच्यासारखा पांढरा पडला होता.

मी वहिनीला फोन लावला. ती बेकरीत होती. माझं निम्मंच ऐकून म्हणाली, सर्व्हरच्या मागची इंटरनेटची वायर उपट, बाकी कुणी कशाला हात लावू नका. मी ती अशी ओढली की भिंतीचा पोपडाही सोबत आला. माझं डोकं नुसतं भणभणत होतं. कोण कुठले, तोंड न दाखवणारे लोक, आणि आमच्या काकांनी जन्मभर जपलेल्या दातांना कुलूप लावतात! समोर असते तर त्यांना नवे दात करून घ्यायची वेळ येईल असं काहीतरी मी केलं असतं.

वहिनी आली ती हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून. रोजची डिस्क तपासली. ती सर्व्हरलाच जोडलेली असल्यामुळे तिच्यावरही कुलूप. दादाला मात्र एकदम अवसान आलं. घरची डिस्क आज मी आणलीय, असं जवळजवळ नाचतच तो काउंटरकडे गेला. आल्या आल्या मी इथेच ठेवली होती, म्हणाला. तिथे काहीच नव्हतं. जाळीचा ट्रेसुद्धा नव्हता.

आम्ही सगळ्यांनी एकदम टबाकडे बघितलं.

काकांनी ट्रे वर उचलला. चार डॉक्टरांची मापं, एक कवळी, आणि त्यांच्यामध्ये काळी डिस्क, टपटप गळणारी. काकांनी नियम पाळला होता. जगात इतर कुठल्याही धंद्यात बॅकअपची डिस्क जंतुनाशकात धुतली गेली नसती. मला हसूही येत होतं आणि रडूही. ट्रम्पेटवाला उभा राहिला आणि रुमालातूनच म्हणाला, "म्हणजे संपलं का?"

तेवढ्यात दादाने डिस्क शर्टाला पुसली आणि सर्व्हरमध्ये खुपसायला निघाला. वहिनीने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. "जोडू नकोस!" लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला दादावर आवाज चढवताना मी पहिल्यांदा ऐकलं. ओल्या डिस्कला वीज दिली असती तर ती जळाली असती, आणि नसती जळाली तर त्या आजारी सर्व्हरने तिलाही कुलूप लावलं असतं. उरलीसुरली एक प्रत, आणि तीही आमच्याच हाताने गेली असती. दादा बाजूला झाला.

"संपलेलं नाही," वहिनी ट्रम्पेटवाल्याला म्हणाली. "ही बंद असताना बुडली आहे. आत फिरणारं काही नाही, नुसती चिप बसवलेली पट्टी आहे. स्वच्छ झाली आणि कोरडी झाली तर उठेल." मग काकांकडे वळली. "काका, हे काम मला जमणार नाही. तुम्हाला जमेल."

काका खाली मान घालून उभे होते ते एकदम ताठ झाले. आमच्या लॅबमध्ये काय नाही! डिस्टिल्ड वॉटर आहे, स्पिरिट आहे, कणाकणाची धूळ उडवणारी हवेची नळी आहे, कोमट ठेवता येणारी भट्टी आहे, भिंग आहे. काकांनी डिस्कचं कवच उघडलं, आतली पट्टी एखादी नाजूक कॅप धरावी तशी चिमट्यात धरली, आधी पाण्याने, मग स्पिरिटने, केसाएवढ्या ब्रशने एकेक खाच धुतली. वहिनी शेजारी उभी राहून भट्टी किती गरम ठेवायची एवढंच सांगत होती. एक माणूस जन्मभर तोंडातल्या वस्तू स्वच्छ करतो आणि दुसरं जन्मभर वस्तू हरवू नयेत म्हणून धडपडतं, आणि त्या दोघांची डोकी एका भिंगावर टेकलेली.

पट्टी वाळेपर्यंत वहिनीने मला कामाला लावलं. आमच्या सगळ्या डॉक्टरांना फोन करायचे, आमच्या नावाने आलेला मेल उघडू नका म्हणायचं, आणि काय घडलंय ते न लपवता सांगायचं. न लपवता, हे तिने दोनदा बजावलं, कारण त्या फाईलींमधली तोंडं लोकांची आहेत, आपली नाहीत. दादा मध्येच पुटपुटला की त्या लोकांना पैसे देऊन मोकळं झालं तर? वहिनीने विचारलं, कुलूप लावणाऱ्याच्या शब्दावर तू किल्ली विकत घेणार का? विषय तिथेच मिटला. ट्रम्पेटवाला कोपऱ्यात बसून मांडीवर तीन बोटांनी न दिसणाऱ्या कळा दाबत होता. त्याची सगळी परीक्षा त्या भट्टीत वाळत होती.

भट्टीतून पट्टी निघाली. वहिनीने स्वतःचा लॅपटॉप काढला, त्यावर डिस्कमधलं फक्त वाचता येईल, तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही अशी सोय केली आणि वायर जोडली. दिवा लागला नाही. काकांनी पट्टी मागून घेतली, जोडणीच्या तोंडात भिंगाने बघितलं, हवेचा एक बारीक फवारा मारला, पुन्हा दिली.

निळा दिवा लागला!

मी किंचाळले, मान्य आहे. वहिनीने मात्र पहिल्यांदा अख्ख्या डिस्कची नक्कल करून घेतली आणि मगच फाईल उघडली. आम्ही तिला अक्षरशः ढकलत होतो, ती ढिम्म. शेवटी पडद्यावर दात आले, करड्या रंगाचे, गोल फिरणारे. पुढचा डावा दात किंचित आत वळलेला. ट्रम्पेटवाल्याने पडद्यावर बोट ठेवलं. हाच, म्हणाला.

पुढचं सगळं पळापळीत झालं. दात कोरणारं मशीन कालपासून बंदच होतं म्हणून त्या कुलपातून वाचलं होतं. त्याला फाईल दिली, ते घोंगावत सुटलं, काकांनी दात घासून रंगवला, भट्टीत भाजला, मी तो मुठीत धरून जिना चढले. डॉक्टरांनी बसवला. ट्रम्पेटवाला रिक्षात बसला तेव्हा परीक्षेला जेमतेम वेळ उरला होता. धन्यवाद म्हणायलाही तो थांबला नाही, आणि थांबला असता तर मीच त्याला हाकललं असतं.

मग लॅब कशी सुनी सुनी झाली. वहिनी टेबलाखाली शिरून सर्व्हर धुवून पुसून नव्याने उभा करत होती. तिच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं, हिचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. बेकरीत कालच्यासारखा पाव भाजला जातो, छापखाना छापत राहतो. आज आमचं काहीही हरवलं नाही हो, असं सांगायला तिला कोण फोन करणार?

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा काउंटरवरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडून हॅलो नाही, काही नाही. एकदम ट्रम्पेट. मी स्पीकरचं बटण दाबलं. काकांनी हातातलं घासायचं यंत्र बंद केलं, दादा दारात थबकला. सूर चढत गेला, चढत गेला, वर जाऊन थांबला आणि तिथेच लखलखत राहिला, कुठेही न फाटता. मग धापा टाकणारा आवाज आला, "पहिली खुर्ची मिळाली. सगळ्यांना सांगा."

दादाने काकांना मिठीच मारली. वहिनी टेबलाखालून बाहेर आली होती, गळ्यात वायरी, गालाला धूळ, आणि जमिनीवरच बसून राहिली होती. तिचे डोळे भरून वाहत होते. काका घाबरले. त्यांनी वाकून विचारलं, "सूनबाई, अगं काय झालं?"

"काही नाही काका," ती म्हणाली. "आजवर फोन वाजला की कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलंच असायचं."

मी फोन तिच्या हातात दिला. ट्रम्पेटवाला अजून लाईनवर होता.